एकविसावे गुणसूत्र आणि हंगामाचे सहा महिने

डाऊन सिंड्रोमवरील संशोधन पुढे गेले. बीड जिल्ह्यात प्रश्न आहे तो उपचार वेळेत मिळण्याचा

प्रतिनिधी, बीड

२१ मार्च हा दिवस जगभर डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. माणसाच्या पेशीतील एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हे या अवस्थेचे मूळ. म्हणूनच तिसऱ्या महिन्यातील एकविसावी तारीख निवडण्यात आली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१२ पासून ती अधिकृतपणे पाळण्यास प्रारंभ केला. बीड जिल्ह्यासाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. याच सुमारास साखर कारखान्यांचे पट्टे पडतात आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लावून गेलेली ऊसतोड कुटुंबे गावाकडे परतू लागतात. गाळपाचा हंगाम साधारण पाच ते सहा महिन्यांचा असतो.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या आयुष्यातही पहिले सहा महिने निर्णायक असतात. अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यातील गंभीर दोषांवर सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर मूल वाचते, वाढते. त्यानंतर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांना कायमची इजा होऊ लागते आणि पुढे शस्त्रक्रियेचा मार्गच बंद होतो. म्हणजे दिवाळीत जन्मलेले बाळ आईसोबत उसाच्या फडात गेले आणि गुढीपाडव्याला परतले, तर वैद्यकशास्त्राने त्याच्यासाठी शोधून ठेवलेली संधी तोवर हातची निघून गेलेली असू शकते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने या अवस्थेबद्दल पुष्कळ काही सांगितले आहे. ते ज्ञान बीडसारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यात नेमके कोठे अडते, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एका जादा प्रतीचा परिणाम

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी तिला एका मानववंशाचे नाव दिले. ते नाव शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आणि अवमानकारक होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरणे थांबविले. खरे कारण उलगडण्यासाठी १९५९ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पें यांनी अशा मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे दाखवून दिले. पेशी वाढविण्याचे प्रयोगशाळेतील कष्टाचे काम गोतिए यांचे होते; श्रेय मात्र दीर्घकाळ एकट्या लेज्यून यांच्या नावावर राहिले.

सुमारे ९५ टक्के प्रकरणांत बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी विलग होत नाही आणि बाळाकडे तिन्ही प्रती येतात. बहुतेक वेळा ही चूक बीजांडात घडते. मात्र त्यात आईचा कोणताही दोष नसतो. तीन-चार टक्के मुलांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राचा जादा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि अगदी थोड्या मुलांत काही पेशी सामान्य तर काही तीन प्रतींच्या असतात. हा भेद केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. गुणसूत्र चिकटल्याचा प्रकार आढळल्यास आईवडिलांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांच्यापैकी एक जण स्वतः निरोगी राहूनही तो दोष पुढच्या अपत्याकडे नेऊ शकतो. नेहमीच्या प्रकारात पुढील अपत्याला धोका साधारण शंभरात एक इतकाच असतो. घरात एक मूल असे जन्मले म्हणून सुनेला माहेरी धाडणाऱ्या किंवा पुढचे बाळंतपणच नको म्हणणाऱ्या कुटुंबाला रक्ताच्या एका तपासणीने मिळू शकणारे हे उत्तर आहे.

एकविसावे गुणसूत्र माणसाच्या गुणसूत्रांत सर्वांत लहान. २००० साली त्याची जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली तेव्हा त्यावर सुमारे २२५ जनुके असल्याचा अंदाज मांडण्यात आला. एवढ्या थोड्या जनुकांचा दीडपट डोस मिळाल्याने हृदय, आतडी, थायरॉइड ग्रंथी, कान, डोळे, रक्त, प्रतिकारशक्ती आणि मेंदू अशा अनेक ठिकाणी परिणाम दिसतात. म्हणून या अवस्थेकडे केवळ 'मतिमंदत्व' म्हणून पाहणे अपुरे ठरते. बौद्धिक वाढ मंद असते हे खरे. पण मुलाचा जीव धोक्यात येतो तो बहुधा सोबतच्या आजारांमुळे. आणि त्यातील बरेचसे आजार उपचाराने आटोक्यात येणारे आहेत.

आयुर्मान कशाने वाढले?

अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे मृत्यूसमयीचे मध्यक वय २५ वर्षे होते. १९९७ पर्यंत ते ४९ वर्षांवर गेले. आज प्रगत देशांत ते साठीच्या घरात आहे. एका पिढीत आयुष्य दुप्पट व्हावे असे कोणते औषध या काळात निघाले? गुणसूत्राची जादा प्रत काढून टाकणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. बदलल्या त्या तुलनेने साध्या गोष्टी. जुन्या काळी अशा बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचे टाळले जाई, ती होऊ लागली. मुलांना आश्रयगृहांत टाकून देण्याऐवजी कुटुंबात वाढविले जाऊ लागले. थायरॉइड, कान, डोळे यांच्या नियमित तपासण्या सुरू झाल्या.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. हृदयात आवाज ऐकू येवो वा न येवो, प्रत्येक नवजात बाळाची 'इको' तपासणी व्हावी. यामागे शास्त्रीय कारण आहे. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसांतील रक्तदाब जास्त असतो. त्यामुळे हृदयाच्या पडद्यात मोठे छिद्र असूनही स्टेथोस्कोपला काही ऐकू न येण्याची शक्यता असते आणि बाळ वरकरणी ठीक दिसते. थायरॉइडची तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाच्या अखेरीस आणि त्यानंतर दरवर्षी व्हावी. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तर आधीच मंद असलेली बौद्धिक वाढ अधिक खुंटते; त्यावरची गोळी मात्र दिवसाला काही रुपयांतच मिळते. कानांचे दोष सुमारे तीन चतुर्थांश मुलांत आणि दृष्टीचे दोष निम्म्याहून अधिक मुलांत आढळतात. ऐकू न येणारे मूल बोलत नाही. घरच्यांना वाटते की बुद्धीच नाही. कानात साचलेला द्रव काढून टाकला, चष्मा दिला, तर तेच मूल किती शिकू शकते हे पाहण्याची संधी तरी मिळते.

रक्ताच्या कर्करोगाबाबतचे संशोधन याहून बोलके आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतर मुलांच्या दहा ते वीसपट असतो. त्याचबरोबर त्यातील एका प्रकारात ही मुले औषधांना इतरांपेक्षा अधिक चांगला प्रतिसाद देतात, असे आढळले. दुसरीकडे मेथोट्रेक्सेट या औषधाचा नेहमीचा डोस त्यांना सोसत नाही. कारण ते औषध पेशीत ओढून घेणारे एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. एकाच आजारावर दोन मुलांना दोन वेगळे डोस का द्यावेत, याचे उत्तर अशा अभ्यासातून मिळाले.

मुंबईतील ५२४ रुग्णांची नोंद

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईच्या केईएम रुग्णालयातील जनुकीय विभागात झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणसूत्र तपासणीने निदान पक्के झालेल्या ५२४ रुग्णांची माहिती त्यात तपासण्यात आली. ९५ टक्के रुग्णांत पूर्ण तिसरी प्रत, तीन टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांत चिकटलेले गुणसूत्र, हे प्रमाण जगातील इतर आकड्यांशी जुळणारे होते. दोन आकडे मात्र वेगळे विचार करायला लावणारे आहेत.

पहिला आकडा आईच्या वयाचा. या मुलांच्या जन्मावेळी मातांचे सरासरी वय २७ च्याही आत होते. दुसरा आकडा हृदयदोषांचा. पाश्चात्त्य अभ्यासांत ४० ते ५० टक्के मुलांत हृदयदोष सापडतो. येथे तो सुमारे १८ टक्के मुलांतच नोंदला गेला. भारतीय मुलांची हृदये अधिक सुदृढ, असा याचा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. एक शक्यता तपासणीच पुरेशी न झाल्याची आहे. दुसरी शक्यता अधिक अस्वस्थ करणारी आहे. ज्यांचे हृदयदोष सर्वांत गंभीर होते, ती बाळे विशेष विभागाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच गेली असावीत. 'न्यूमोनियाने गेले', 'दूध ओढत नव्हते, गेले' अशा शब्दांत गावात ज्यांची आठवण उरते, त्यांची गणना कोणत्याही अभ्यासात होत नाही.

मुंबई, दिल्ली आणि बडोदा या तीन शहरांत ९४ हजारांहून अधिक नवजात बाळांची पाहणी करणाऱ्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर ११५० जन्मांमागे एक बाळ डाऊन सिंड्रोमचे आढळले होते. हे आकडे मोठ्या शहरांतील रुग्णालयांचे आहेत. बीडसारख्या जिल्ह्यात अशा मुलांची खरी संख्या किती, हे सांगण्यासाठी आधी त्यांचे निदान व्हावे लागेल.

'आईचे वय' हा अपुरा निकष

डाऊन सिंड्रोम म्हणजे उशिरा झालेल्या बाळंतपणाचा परिणाम, अशी शहरी वाचकांतही समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. विशीतील मातेसाठी हा धोका साधारण दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असा वाढत जातो. पण बहुसंख्य बाळंतपणे विशीतच होत असतील, तर एकूण संख्येत तरुण मातांचीच बाळे अधिक भरणार. केईएमचा आकडा हेच सांगतो.

बीड जिल्ह्यात हा मुद्दा आणखी तीव्र होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील फेरीनुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वीच झालेले होते. ऊसतोडीच्या अर्थकारणाचा त्यात मोठा वाटा आहे. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला. लग्न झाले की कोयता पूर्ण होतो. अशा जिल्ह्यात पस्तिशीनंतरच्या गर्भवतींवरच लक्ष ठेवणारी व्यवस्था बहुतेक बाळांना हुकवणार, हे उघड आहे. विशीतील निरोगी मातेच्या बाळाकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. स्नायूंचा सैलपणा, नाकाचा बसका पूल, तळहातावरील एकच आडवी रेघ, पायाच्या अंगठ्याशेजारची रुंद फट ही लक्षणे प्रसूतिगृहात दुर्लक्षित राहू शकतात.

मातांच्या सवयींविषयीही काही काम झाले आहे. बंगालमधील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या मातांमध्ये गुणसूत्रांची ही चूक घडण्याचा धोका वाढलेला दिसला. मिसरी आणि तंबाखूची सवय मराठवाड्याच्या खेड्यांत नवी नाही. मात्र एका अभ्यासात दिसलेला संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. त्याच्या आधारे एखाद्या आईला दोषी ठरविणे अशास्त्रीय आणि अन्यायाचे होईल.

बाळाचे वेळापत्रक आणि कोयत्याचे वेळापत्रक

कागदावर पाहिले तर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यात तपासावयाच्या ३० आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा नावानिशी समावेश आहे. जन्मतः रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी, पहिल्या सहा आठवड्यांत घरी जाऊन आशा कार्यकर्तीने आणि त्यानंतर फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत बाळ तपासावे, दोष आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत आहे.

या रचनेचा पाया एकच आहे: बाळ गावात असणे. आशा कार्यकर्तीची गृहभेट गावातील घरी होते. अंगणवाडीची हजेरी गावातील बालकांची असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडतात. लाखो मजूर सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकातील बेळगावपर्यंत पसरतात. फडाशेजारी कोपी उभी राहते. पहाटे उसाला कोयता लागतो. तान्हे बाळ बांधावर, झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. तेथील आशा कार्यकर्तीच्या यादीत त्या बाळाचे नाव नसते आणि बीडच्या यादीत 'स्थलांतरित' असा शेरा पडलेला असतो.

एखादे बाळ दिवाळीच्या सुमारास जन्मले असे धरून त्याचा हिशेब मांडता येईल. बाळंतपण सरकारी रुग्णालयात झाले. वजन थोडे कमी भरले, अंग सैल वाटले. पण बाळ रडले म्हणून दोन-तीन दिवसांत घरी सोडण्यात आले. बाळ महिन्याचे होईतो टोळी हलली. दोन महिन्यांचे झाले तेव्हा ते दूध पिताना दमू लागले, कपाळाला घाम येऊ लागला, वजन वाढेना. हृदयावर ताण पडत असल्याची ही लक्षणे आहेत. फडावर त्यांचा अर्थ 'बाळाला थंडी बाधली' असा लावला जातो. जवळच्या गावातील दवाखान्यात खोकल्याचे औषध मिळते. तालुक्याला जायचे तर दिवस मोडतो. खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात, अशा तक्रारी ऊसतोड मजूर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. डोक्यावर उचल असताना सलग आठवडाभर रुग्णालयात राहण्याचा विचारही परवडत नाही. पट्टा पडतो, टोळी परतते. तोवर बाळ सहा महिन्यांचे होत आलेले असते. मग निदान, गुणसूत्र तपासणी, इको, मोठ्या शहरातील बालहृदय शस्त्रकक्षाची तारीख आणि योजनेची मंजुरी या पायऱ्या सुरू होतात. यातील प्रत्येक पायरीला काही आठवडे लागू शकतात.

येथे एक वैद्यकीय बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. हृदयाच्या मोठ्या छिद्रातून फुप्फुसांकडे जादा रक्त जात राहिले की तेथील रक्तवाहिन्या जाड आणि कठीण होतात. हे नुकसान डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत इतर मुलांपेक्षा लवकर होते. एकदा ते पक्के झाले की रक्ताचा प्रवाह उलटतो, ओठ-नखे निळसर दिसू लागतात आणि छिद्र बंद करणे उलट जिवावर बेतते. याचे गांभीर्य असे की अशी मुले लगेच दगावतात असे नाही. ती दहा-वीस वर्षे, धाप लागत, खेळ बाजूला ठेवून जगतात. 'जन्मापासून अशक्त' हे त्यांचे गावातले वर्णन ठरते. अशक्तपणा गुणसूत्रामुळे आला की हुकलेल्या तारखेमुळे, हा प्रश्न नंतर कोणी विचारत नाही.

सोनोग्राफीची सावली

प्रसूतीपूर्व निदानाच्या बाबतीत बीडची कोंडी निराळीच आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. या कायद्याने प्रसूतीपूर्व तपासणी सरसकट बंद केलेली नाही. गुणसूत्रांतील दोष आणि जनुकीय आजार शोधण्यासाठी ती करण्यास त्याने स्पष्ट मुभा दिली आहे. म्हणजे डाऊन सिंड्रोमसारख्या अवस्थेचे निदान हा या तंत्रज्ञानाचा कायदेशीर हेतू होता. बीडमध्ये घडले ते उलट. २००१ मध्ये जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. राज्यातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. २०१२ मध्ये परळीतील बेकायदा गर्भपाताचे प्रकरण देशभर गाजले. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

या इतिहासाचे दोन परिणाम झाले. सोनोग्राफी केंद्रांवर कडक देखरेख आली, ती आवश्यकच होती. त्याचबरोबर सामान्य स्त्रीच्या मनात सोनोग्राफी म्हणजे 'ती' तपासणी, हा अर्थ घट्ट बसला. गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान मोजली आणि सोबत रक्ताची तपासणी केली तर डाऊन सिंड्रोमची शक्यता असलेले दहापैकी आठ-नऊ गर्भ ओळखता येतात, हे किती घरांत सांगितले जाते? आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखविल्यानंतर २०११ पासून त्यावर आधारित चाचणी उपलब्ध झाली. ती अधिक अचूक आहे, पण खर्चिक आहे आणि तिच्या निष्कर्षाला गर्भजलाच्या तपासणीचा दुजोरा लागतो.

निदान झाल्यावर काय, हा प्रश्न कायद्याने आणि विवेकाने सोडवायचा आहे. महाराष्ट्रातील ३७ वर्षांच्या एका महिलेने डाऊन सिंड्रोम असलेल्या २६ आठवड्यांच्या गर्भाचा गर्भपात करण्याची परवानगी मागितली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने मर्यादा काही प्रकरणांत २४ आठवड्यांवर गेली आणि गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास त्यापुढेही परवानगीची तरतूद झाली. तपासणीचा अर्थ गर्भपाताची सक्ती असा होऊ नये, हे दिव्यांगांच्या पालकांचे म्हणणे रास्त आहे. मूल हवे असे ठरविणाऱ्या दांपत्यालाही आधी कळण्याचा मोठा लाभ आहे. प्रसूती कोठे करायची, इको कधी करायची आणि त्या वर्षी उचल घ्यायची की नाही, हे त्यांना आधी ठरविता येते.

नवे संशोधन, नवे प्रश्न

गुणसूत्राची जादा प्रतच निष्प्रभ करण्याच्या दिशेने प्रयोगशाळांत काम सुरू आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जीन लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी, स्त्रियांमधील एक्स गुणसूत्राची एक प्रत निसर्ग ज्या जनुकाने झोपवितो, तेच जनुक वापरून पेशींतील तिसरे एकविसावे गुणसूत्र शांत केले. २०२५ मध्ये जपानच्या मिए विद्यापीठातील संशोधकांनी जनुकीय कात्रीने पेशींतून ती जादा प्रत काढून दाखविली. दोन्ही प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचे आहेत. त्यांच्या बातम्या 'डाऊन सिंड्रोमवर इलाज सापडला' अशा मथळ्यांनी पसरतात. पालकांनी त्यामागे धावून भोंदू उपचारांच्या हाती लागू नये.

मोठेपणाच्या आजारांवरचे संशोधन अधिक जवळचे आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिन ज्या जनुकापासून बनते ते एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत त्याचे थर दिसतात आणि पन्नाशीत अनेकांना स्मृतिभ्रंश जडतो. अल्झायमर समजून घेण्यास या व्यक्तींच्या मेंदूच्या अभ्यासाने १९८० च्या दशकापासून मोठी मदत केली. तरीही त्या आजारावरील नव्या औषधांच्या मूळ चाचण्यांत त्यांनाच घेतले गेले नव्हते. त्यांच्यासाठीच्या स्वतंत्र चाचण्या आता कुठे सुरू झाल्या आहेत. प्रतिकारशक्तीशी संबंधित इंटरफेरॉनच्या सहापैकी चार ग्राहकांची जनुकेही याच गुणसूत्रावर आहेत. २०२० मध्ये ब्रिटनमधील पाहणीत डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना करोनाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दहापट दिसला, त्यामागे हे एक कारण मानले जाते.

मुलगा पन्नाशीत स्मृतिभ्रंशाला सामोरा जाईल तेव्हा आईवडील सत्तरी-पंचाहत्तरीत असतील किंवा नसतील. ऊसतोडीत कंबर झिजलेल्या आईवडिलांच्या मागे त्याला कोण सांभाळणार, हा आजवर न पडलेला प्रश्न आयुर्मान वाढताच उभा राहणार आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये पालकत्वाची तरतूद आहे, 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. या सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची वाटही निदानापासूनच सुरू होते.

करण्याजोगे काय?

यासाठी नवी मोठी इमारत उभारावी लागणार नाही. चार गोष्टी जिल्ह्याच्या आवाक्यातील आहेत. प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाची जन्मदोषांसाठीची तपासणी खरोखर व्हावी आणि संशय असल्यास इको व थायरॉइडची तपासणी टोळी हलण्याआधी उरकावी. गोव्याने २००८ मध्ये सरकारी खर्चाने नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. लहान राज्याला जे सुचले ते मोठ्या राज्याने निदान स्थलांतराच्या जिल्ह्यांत करून पाहावे. दुसरे, माता-बाल संरक्षण कार्डावर हंगामातील मुक्कामाचा कारखाना आणि तालुका नोंदवावा, म्हणजे सहा आठवड्यांनंतरची तपासणी तेथील पथकाला करता येईल. तिसरे, २०१९ च्या चौकशीनंतर ऊसतोड महिलांची हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणी करण्याचे ठरले, तिच्यात एक वर्षाखालील बाळांचाही समावेश व्हावा. चौथे, शस्त्रक्रियेसाठी बाळाला नेणाऱ्या जोडीचा खाडा धरला जाणार नाही आणि त्या दिवसांची मजुरी बुडणार नाही, याची हमी ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाने आणि साखर कारखान्यांनी मिळून द्यावी.

यातील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण ती आरोग्य खात्याच्या हातात नाही. तिची जबाबदारी मुकादम, कारखाना, कामगार खाते आणि महामंडळ यांच्यावर येते. परंतु ती झाल्याशिवाय पहिल्या तीन गोष्टींचा उपयोग मर्यादित राहील. इकोचा अहवाल हातात असूनही कुटुंब फडावरच राहील.

जादा गुणसूत्र घेऊन आलेल्या बाळाचे भवितव्य त्या गुणसूत्राने ठरते तितकेच पहिल्या वर्षातील काही तारखांनी ठरते, हा आजवरच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. पुढचा हंगाम दिवाळीत सुरू होईल. जिल्ह्यातील टोळ्या निघण्यापूर्वी त्यांच्यासोबत जाणारी तान्ही बाळे किती आणि त्यांपैकी किती जणांची तपासणी झाली, हे दोन आकडे प्रशासनाने जाहीर केले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.